अर्थ शोधायला निघालेल्या साहेबांनो

निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली की मध्यमवर्गीय मराठी पुरुषाला एकाएकी समाज आठवतो. इतकी वर्षं हाच समाज काउंटरपलीकडे रांगेत उभा होता, तेव्हा मान वर करून त्याच्याकडे बघायला सवड नव्हती. आता मुलं मार्गी लागलेली असतात, फ्लॅटचं कर्ज फिटलेलं असतं, गुडघे अजून साथ देत असतात, आणि साहेब 'आता काहीतरी अर्थपूर्ण करायचंय' म्हणत दिवाणखान्यात येरझाऱ्या घालू लागतात. अशातच रविवारच्या पुरवणीत फोटो येतो: लठ्ठ पगाराची नोकरी सोडून अमुक साहेब आदिवासी पाड्यावर. साहेब मधोमध, खादीच्या कुर्त्यात. पोरं भोवती, कडेची दोन तर फोटोत अर्धीच आलेली. तो लेख वाचून आमच्या सोसायटीतले दोघे-तिघे तरी त्याच दुपारी स्वेच्छानिवृत्तीचा हिशेब मांडायला बसतात.

मीही याच जातकुळीतला. सरकारी बँकेत अधिकारी होतो. छप्पन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली, विधी महाविद्यालयात नाव घातलं, एकोणसाठाव्या वर्षी सनद मिळवली. आता जामीन मंजूर होऊनही तुरुंगातच अडकून पडलेल्या कच्च्या कैद्यांची कामं करतो. म्हणजे या हौसेबद्दल चार शब्द बोलायचा मला अधिकार आहे, आणि ते शब्द गोड नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. पन्नाशीच्या उतारावर काम बदलायला निघालेल्या आमच्यातल्या बहुतेकांना काम नको असतं, मान हवा असतो. हातची खुर्ची जाणार हे दिसू लागलं की दुसरी शोधायची, आणि ती पहिलीपेक्षा उंच दिसावी म्हणून तिला सेवेचं नाव द्यायचं. बाकी सगळी सजावट.

आधी त्या रडगाण्याचा समाचार घेऊ. 'तीस वर्षं नुसत्या फायली उपसल्या हो, कसला अर्थ होता त्यात?' हे ऐकलं की माझं टाळकं फिरतं. अरे, त्या फायलींत माणसं होती ना? दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला म्हातारी माणसं तुझ्यासमोर यायची. २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' आलं, बोट टेकवलं की दाखला तयार. पण भांडी घासून झिजलेल्या बोटाचा ठसा यंत्र घेईना, तेव्हा 'उद्या या, आज सर्व्हर डाऊन आहे' असं ठोकून देणारा तूच होतास. पीककर्जाला आलेल्या शेतकऱ्याला तालुक्यातल्या झाडून सगळ्या बँकांचे 'नो ड्यूज' दाखले आणायला पिटाळणारा तूच. शैक्षणिक कर्जाला चार लाखांपर्यंत तारण मागायचं नसतं हे तोंडपाठ असूनही, नर्सिंगला प्रवेश मिळालेल्या पोरीच्या बापाला 'घराचे कागद आहेत का?' असं विचारून वाटेला लावणाराही तूच. अर्थ रोज सकाळी टोकन घेऊन तुझ्या खिडकीसमोर बसत होता. तो तिथे दिसला नाही आणि मेळघाटात मात्र दिसेल, हा कुठला न्याय? ज्याला आपल्या शाखेतली म्हातारी डोकेदुखी वाटली, त्याने धडगावची म्हातारी तरी कशाला पिडावी?

नोकरीत असताना चोख वागलेली माणसं मी पाहिली आहेत. शाखा बंद झाल्यावर झोपडपट्टीत जाऊन अंथरुणाला खिळलेल्या पेन्शनरची सही आणणारा आमचा एक हेडकॅशिअर होता. निवृत्तीनंतर 'आता पुढे काय?' हा प्रश्न त्याला पडला नाही. तो अजूनही आजूबाजूच्या लोकांचे फॉर्म भरून देतो आणि याला काही नाव असतं हे त्याच्या गावीही नाही. आयुष्य निरर्थक गेल्याचा आक्रोश मी ऐकला तो नेमका त्यांच्याच तोंडून, ज्यांच्या टेबलापुढे लोक हात जोडून उभे असायचे.

आता साहेबांच्या मार्गदर्शन करायच्या हौसेविषयी. एखादी सामाजिक संस्था चालवणाऱ्या बाईला किंवा बुवाला खासगीत विचारून पाहा. आमच्या वयाचा हौशी माणूस दारात उभा राहिला की त्यांच्या पोटात गोळा येतो, कारण येणारा प्रत्येक जण सल्लागार म्हणूनच येतो. संस्थेला पावत्या फाडणारा माणूस हवा असतो. रात्री वसतिगृहात झोपणारा हवा असतो. पोरांच्या डोक्यातल्या उवा काढणारा हवा असतो. साहेब म्हणतात, 'मी स्ट्रॅटेजी बघतो.' पहिल्या आठवड्यात ते संस्थेचा लोगो बदलायला सांगतात, दुसऱ्या आठवड्यात पॉवरपॉइंट दाखवतात, तिसऱ्या आठवड्यात पंगतीत आपल्याला शेवटी वाढलं म्हणून फुगतात, आणि पाऊस सुरू झाला की 'हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे' असं सांगून पुण्याची एसटी पकडतात. मागे उरतं ते त्यांच्या मुक्कामासाठी देणगीच्या पैशातून बसवलेलं कमोड.

या मंडळींच्या तोंडी शरद जोशींचं नाव फार. बर्नमधली युनिव्हर्सल पोस्टल युनियनची नोकरी सोडून ते आले, मग आम्हीही सोडतो! आले, खरं आहे. तेव्हा त्यांनी नुकतीच चाळिशी ओलांडली होती, पण तो मुद्दा बाजूला ठेवू. आल्या आल्या त्यांनी व्याख्यानं झोडली नाहीत. चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, ती कसली, आणि मरमर राबूनही शेती तोट्यातच का जाते ते आपल्याच हिशेबातून तपासलं. कांद्याचं आंदोलन, शेतकरी संघटना, सभा हे सगळं त्यानंतरचं. त्यांची मतं पटोत न पटोत, त्यांनी बोलण्याआधी ढेकळं तुडवली होती. आमचे लोक आंबेठाण गाळतात आणि थेट व्यासपीठावर चढतात.

आणि उतारवयात काम बदलणं हे केवढं तरी धाडस, हा समज फक्त आपल्या वर्गाचा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या असंख्य लोकांना पुन्हा साच्यावर उभं राहता आलंच नाही. हयात साच्यावर गेलेला माणूस पन्नाशीत वॉचमन झाला, कुणी भाजीची पाटी डोक्यावर घेतली, कुणी गावी परतून दुसऱ्याच्या बांधावर राबला. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. त्याच गिरणगावात रात्रपाळीला काठी आपटत फिरणाऱ्या म्हाताऱ्याला 'नव्या वाटेचा प्रवासी' म्हणून कुठल्या पुरवणीने छापलं? ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी बीएसएनएलमधून ७८ हजारांहून जास्त कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडले, सगळे पन्नाशीचे किंवा त्यापुढचे. आधीच्या वर्षी त्यांचे पगार थकत होते. त्यात स्वेच्छा किती आणि निरुपाय किती, ते त्यांनाच विचारा. खासगी कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराला ईपीएस-९५ योजनेत मिळणारं किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना हजार रुपये आहे. हजार रुपयांत महिना काढणारा माणूस अर्थ शोधत बसत नाही, तो दुसऱ्या दिवशी सिक्युरिटी एजन्सीच्या दारात उभा राहतो. आम्ही बँकवाले मात्र आमचं पेन्शन वेतन करारांबरोबर वाढत नाही म्हणून गळे काढतो, आणि त्याच पेन्शनच्या जोरावर त्यागाच्या गोष्टी सांगतो. त्याग? मला दर महिन्याला घरबसल्या पैसे येतात म्हणून मी फी न घेता काम करू शकतो. याला सोय म्हणतात.

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला हरकत नाही. पण त्या भाजताना कुणाच्या ताटातली भाकरी जाते का, एवढं तरी बघाल की नाही? जुलै २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने जिल्हा परिषद शाळांतल्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षक महिना वीस हजारांवर कंत्राटी पद्धतीने नेमायचं ठरवलं, वयाची मर्यादा सत्तर. अभियोग्यता चाचणी देऊन 'पवित्र' पोर्टलकडे डोळे लावून बसलेली डी.एड., बी.एड.ची पोरं भडकली. भडकू नयेत तर काय करावं? ज्यांची पेन्शनं चालू आहेत त्यांनीच पुन्हा वर्गात जायचं आणि तिशीला टेकलेल्या पोराने ट्यूशनच्या चार पोरांवर दिवस काढायचे. त्या नेमणुकीवर जाणाऱ्या गुरुजींना विचारा, 'शिकवण्यात समाधान मिळतं' असं सांगतील. मिळणारच. पेन्शन अधिक वीस हजार अधिक समाधान, कुणाला नको?

माझ्या धंद्यातही तेच. बार रूममध्ये माझ्या शेजारी पंचविशीतली पोरं बसतात. गावाकडून आलेली, खोलीचं भाडं तिघांत वाटून घेणारी. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढून ज्युनिअर वकिलांना शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावं असं सुचवलं. सुचवलंच फक्त. माझ्या ओळखीच्या पोरांना त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. अशा ठिकाणी मी सेवेच्या उमाळ्याने मृत्युपत्रं, भाडेकरार आणि बक्षीसपत्रं फुकट लिहून देऊ लागलो, तर माझा आत्मा तृप्त होईल आणि त्या पोरांची मेस बंद होईल. म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे: जिथे तरुणांची रांग आहे तिथे उभं राहायचं नाही. सुदैवाने किंवा दुर्दैवाने म्हणा, न्यायालयात बिनरांगेची कामं ढिगाने आहेत.

त्यातलं एक सांगतो. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्‌स ब्युरोच्या आकड्यांनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यातली सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी. म्हणजे चारातल्या तिघांवरचा गुन्हा अजून शाबीतच व्हायचा होता. यातल्या काहींना जामीन मंजूर झालेला असतो, तरी ते सुटत नाहीत, कारण जामीनदार नसतो. न्यायालयाने हुकूम दिला की वकिलाचं काम संपलं, फी घेऊन झाली. पुढची धावपळ आईने किंवा बायकोने करायची. हे आजचं नाही. १९७८ च्या मोतीराम प्रकरणात मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि त्याचा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यात राहतो, त्याची मालमत्ता तिकडे आहे, म्हणून तो जामीनदार नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेव्हा खालच्या न्यायालयांचे कान उपटले. त्याला आता पंचेचाळीस वर्षांहून जास्त काळ लोटला, आणि मी आजही बीडचा सातबारा घेऊन आलेल्या माणसाला पुण्याच्या कोर्टातून हात हलवत परत जाताना पाहतो.

मध्यंतरी एका बांधकाम मजुराचं प्रकरण होतं. तांब्याची वायर चोरल्याचा आरोप, पंधरा हजारांचा जामीन. मावसभाऊ गावाहून रात्रभर प्रवास करून आलेला, पिशवीत सातबारा, आधार, रेशनकार्ड, सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. सातबाऱ्यावर पाळण्यातलं नाव, आधारवर हाकेचं. लिपिकाने कागद उलटून पाहिले आणि परत सरकवले. मी अर्ज लिहिला. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं, मोतीरामचा दाखला दिला, कैद्याची गरिबी, घरची परिस्थिती असं सगळं ओघवत्या मराठीत मांडलं. माझ्या सीनिअर मॅडम चौतिशीच्या आहेत. त्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, "काका, छान झालाय, दिवाळी अंकाला पाठवा. कोर्टाला कलम लागतं. रक्कम कमी करायची आणि रोख जामीन स्वीकारायची विनंती कुठे आहे? आणि हुकमाची तारीख चुकलीय. बँकेत तारीख चुकली की व्हाउचर परत येतं, इथे माणूस आत राहतो." मी मुकाट्याने अर्ज पुन्हा लिहिला. माझी मुलगी त्यांच्याहून मोठी आहे. मॅडम मला काका म्हणतात, मी त्यांना मॅडम म्हणतो, आणि त्यांची ब्रीफ मीच उचलतो. ज्यांना हे वाचताना कसंसंच झालं त्यांनी इथेच थांबावं, पुढचं त्यांच्यासाठी नाही.

मजूर सुटला. त्याने माझे आभार मानले नाहीत. पोलिसांकडे जमा असलेला मोबाइल कधी मिळेल आणि गावाला जायला पैसे मिळतील का, एवढंच विचारलं. बरोबरच आहे. मुळात ज्या दिवसांत तो आत असायलाच नको होता ते दिवस मी त्याला परत दिले नव्हते. माझ्या अर्थाच्या शोधाशी त्याला कसलंही देणंघेणं नव्हतं. तो काही माझ्या उत्तरायुष्यातला प्रसंग म्हणून जन्माला आलेला नाही.

बँकेतली वर्षं इथे कामी येतात ती अशी. जामीनदाराची ऐपत तपासणं, सातबाऱ्यावरचा बोजा वाचणं, बनावट कागद वासावरून ओळखणं हे मी आयुष्यभर केलं आहे. तेव्हा हे कसब बँकेचे पैसे बुडू नयेत म्हणून वापरत होतो, आता माणूस बाहेर यावा म्हणून वापरतो. गरीब कैद्यांच्या जामिनाच्या रकमेसाठी केंद्राची योजना आहे, तिच्यातून मदत मिळू शकते. जामिनाचा हुकूम होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये बजावलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही अशा गुन्ह्यात पहिल्यांदाच अडकलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याची जातमुचलक्यावर सुटका करायची तरतूद आहे. एकाच माणसावर अनेक गुन्हे असतील तर मात्र ती लागू होत नाही. कायदा आहे, योजना आहे, हुकूम आहेत. कमी आहे ती टेबलाटेबलावर जाऊन कागद पुढे सरकवणाऱ्या चिवट माणसांची. पाठपुरावा, स्मरणपत्र, जावक क्रमांक हे सगळं ज्यांना झोपेतही येतं असे लाखो लोक दर वर्षी निवृत्त होतात आणि मग कर्जतच्या एखाद्या रिसॉर्टवर पैसे भरून 'जीवनाचा हेतू' शोधायच्या शिबिराला बसतात.

आणखी एक खोट दाखवल्याशिवाय राहवत नाही. अर्थ शोधायची ही मुभा फक्त पुरुषांना आहे. माझ्याच बँकेत माझ्याइतकीच वर्षं काढलेल्या बायका स्वेच्छानिवृत्ती घेतात, तेव्हा त्यांना 'आता काय करणार?' असं कुणी विचारत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं. सुनेचं बाळंतपण पुण्यात असेल तर पुण्यात, न्यू जर्सीत असेल तर न्यू जर्सीत. व्हिसाच्या सहा महिन्यांत ही आजी, पुढच्या सहा महिन्यांत पलीकडची. साहेब पाड्यावर फोटो काढून घेत असतात तेव्हा साहेबांच्या आईची औषधं, आंघोळ आणि डायपर कोण बघत असतं, हे पुरवणीत येत नाही. अर्थपूर्ण काम घरातच पलंगावर पडलेलं होतं. पण त्याला शाल-श्रीफळ नाही, म्हणून साहेबांनी ते बाईकडे सोपवलं आणि स्वतः समाजाकडे वळले. समाजसेवेला निघणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच विचारतो: घरातल्या म्हाताऱ्या माणसाची कूस तुम्ही स्वतः कधी बदलली आहे का? बहुतेक जण विषय बदलतात.

'या वयात झेपेल का?' असं विचारणाऱ्या नातेवाइकांकडे मात्र साफ दुर्लक्ष करा. झेपतं. तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या वर्गात माझं पाठांतर पोरांपुढे फिकं पडायचं, पण खरेदीखत वाचायला दिलं की तीच पोरं माझ्याकडे यायची. वय आड येत नाही, आड येतो तो आवाजातला साहेब. शिपायाला 'ए' म्हणायची सवय, चहा आपल्याला आधी मिळावा ही अपेक्षा, आणि दर दोन वाक्यांनी 'आमच्या वेळी'. हे सगळं प्रॉव्हिडंट फंडाबरोबर जमा करून बाहेर पडता आलं तर काहीही शिकता येतं. नाही आलं, तर हिमालयात गेलात तरी तिथे विभागीय कार्यालयच उघडाल.

तेव्हा साहेबांनो, घरी बसायचं असेल तर खुशाल बसा. पेपर वाचा, दुपारी ताणून द्या, नातवाला शाळेत सोडा. त्यात कमीपणा नाही, आणि लोकांना तुमचा त्रासही नाही. पण काम बदलायचंच असेल तर ज्या कामाला कुणी फिरकत नाही ते निवडा, तुमच्या मुलीच्या वयाच्या माणसाच्या हाताखाली ते शिका, आणि फोटोग्राफरला घरी ठेवून या. आमच्या कोर्टात यायचं असेल तर सकाळी साडेदहाला या. काम भरपूर आहे, बसायला बाक मात्र मिळणार नाही.